तिसऱ्या दिवसाचं गवत

एकतीस वर्षांच्या नोकरीत उस्ता दसूकीला क्लबमध्ये कुणी काही विचारलं नव्हतं. सांगितलं मात्र पुष्कळ होतं. पाणी कधी सोडायचं ते सांगितलं, खत कुठलं टाकायचं ते सांगितलं. एकदा तर कुणा बड्या सभासदाच्या मुलीच्या लग्नासाठी खेळाच्या लॉनवर मांडव ठोकायला सांगितलं, आणि त्या खांबांचे खड्डे बुजवता बुजवता त्याचे दोन हिवाळे गेले. म्हणून मे महिन्यातल्या त्या सकाळी क्लबचे सेक्रेटरी मुमताझ बे अवजारांच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "दसूकी, नवं मशीन कुठलं घ्यायचं ते तूच ठरव. तुझा शब्द तो क्लबचा शब्द," तेव्हा त्यानं आधी मागे वळून पाहिलं. वाटलं, आपल्या पाठीशी दुसरं कुणी उभं असेल.

जुन्या मशीनचा पात्यांचा रूळ मधोमध तडकला होता. दसूकीनं तो दोनदा सांधून घेतला होता, तिसऱ्यांदा लोहारानंच हात जोडले. आणि ही काही बंगल्यापुढची साधी हिरवळ नव्हती. इथे क्रोके खेळत. लांब दांड्याच्या लाकडी हातोड्यानं चेंडू मारायचा आणि लोखंडी कमानीतून पार करायचा. कमान चेंडूहून जेमतेम कागदभर रुंद. गवत तांदळाच्या दाण्याहून वाढलं की चेंडू वाकडा जातो, आणि चेंडू वाकडा गेला की कैरोतली शहाणीसुरती, वयस्क माणसं लहान मुलांसारखी भांडतात. सप्टेंबरात बाहेरदेशीचे संघ यायचे होते. त्याच्या आत मशीन हवं होतं, आणि असं हवं होतं की रोज पहाटे दोन लॉन कापून दहा वर्षं टिकलं पाहिजे.

दोन मशीनं आली. लाल मशीन घेऊन आलेला विक्रेता अत्तर लावून, गुळगुळीत दाढी करून आला होता. त्याला गवताचं काही कळत नव्हतं, पण तो मुमताझ बेंच्या हसण्यावर वेळच्या वेळी हसत होता. निळं मशीन घेऊन आला होता वगीह.

वगीहचं सांगायचं तर तो दसूकीच्याच हाताखाली वाढलेला. फय्यूमच्या एका खेड्यातून आला तेव्हा त्याला कुदळ धरता येत होती, एवढंच. नऊ वर्षं तो दसूकीबरोबर राबला, शुक्रवारी त्याच्या घरी जेवला, आणि सहा वर्षांपूर्वी उस्ताचा आशीर्वाद घेऊन मशीनं मागवणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या कार्यशाळेत लागला. आता अडतिशीचा, दोन मुलींचा बाप. व्यापारी निळ्या मशीनला कंटाळला होता. हे क्लबात खपलं तर ठेवू, नाहीतर बंद, आणि तुझी कार्यशाळाही बंद, असं त्यानं वगीहला बजावलं होतं. वगीहनं हे दसूकीला सांगितलं नाही. उस्ताच्या मनावर ओझं नको म्हणून.

रविवारी सकाळी मुमताझ बे आणि चार-पाच सभासद लॉनच्या कडेला खुर्च्या टाकून बसले. दसूकीनं कालचं वर्तमानपत्र काढलं आणि त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. ही त्याची परीक्षा. या मशीनांत वर फिरता रूळ असतो, त्याला पाती असतात, आणि खाली एक न हलणारी पट्टी. दोन्हींच्या मध्ये गवत सापडतं आणि कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. तिथे कागद धरायचा आणि रूळ हातानं फिरवायचा. कागद स्वच्छ कापला तर मशीन चांगलं. दसूकीला हे त्याच्या उस्तानं शिकवलं होतं आणि त्यानं पुढे निदान वीस जणांना शिकवलं होतं.

लाल मशीननं कागद असा कापला की सभासदांतल्या एकानं टाळी वाजवली.

निळ्या मशीनमध्ये कागद दुमडला, चुरगळला, आणि अर्धामुर्धा फाटून लोंबत राहिला.

"बोथट आहे," दसूकी म्हणाला. आणि त्या दिवशी मान मिळाला होता म्हणून की काय, त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "काय रे वगीह, उस्ताच्या दारी यायचं, तेही बोथट वस्तरा घेऊन?"

मंडळी हसली. वगीहही हसला. मग खाली वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "उस्ता, धार आहे. पट्टी मी मुद्दाम पात्यापासून केसभर दूर ठेवलीय. याला कागद नका देऊ, गवत द्या. आपली धूळ तुम्हाला ठाऊकच आहे. पातं पट्टीला टेकलं की मध्ये धूळ सापडते आणि दोघं एकमेकांना खात सुटतात. लाल मशीन आज कागद कापेल, पण तापलं की गवत ओरबाडेल."

आवाज हळू होता, पण मुमताझ बे लष्करातून निवृत्त झालेले. त्यांचे कान तिखट.

"अरे वा!" ते खुर्चीतून म्हणाले. "दसूकी, चेला पुढे गेला की रे तुझ्या! आता तूच त्याच्याकडे शिकवणी लाव!"

सगळे पुन्हा हसले. अत्तरवाला सगळ्यात शेवटपर्यंत हसला. दसूकीही हसला. हसताना त्याचे कान तापले होते.

"छे छे, बे, काय बोलता!" वगीह घाईघाईनं म्हणाला. "माझ्याजवळ आहे ते सगळं उस्तांचंच. हल्ली पद्धत थोडी बदललीय, इतकंच."

या 'इतकंच'नं घाव भरला नाही, उलट त्यावर मीठ पडलं. दसूकीनं हातातल्या कागदाच्या पट्ट्या नीट घडी करून खिशात ठेवल्या.

"कागदाचं राहू द्या," तो म्हणाला. "अर्धं लॉन लालनं कापतो, अर्धं निळ्यानं. बुधवारी सांगतो. गवत तिसऱ्या दिवशी बोलतं."

हे त्यानं रागानं म्हटलं असेल, पण म्हटलं ते खरं होतं. कापल्या दिवशी सगळंच गवत गोड दिसतं. ज्याचं टोक कापलं गेलंय ते हिरवं राहतं, ज्याचं टोक तुटलंय, ओरबाडलं गेलंय, ते तिसऱ्या दिवसापर्यंत वाळतं आणि पांढरं पडतं. वगीहनं मान डोलावली. हेही त्यानं दसूकीकडूनच ऐकलं होतं.

*

रविवारी संध्याकाळी मातरियात घरी पोचेपर्यंत बातमी दसूकीच्या आधी पोचली होती. बायकोनं, नफीसानं, ती साऱ्या गल्लीला पुरवली होती.

"मोलोखियाची भाजी निवडत बसले होते," ती ताट मांडता मांडता म्हणाली. "ती समोरची इन्साफ म्हणते, तुझा नवरा आता साहेब झाला म्हणे. मी म्हटलं, झाला! क्लबात पंधरा साहेब आहेत, पण मशीन ओळखणारा एकच."

"उम्म सफा," दसूकी म्हणाला. सफा झाल्यापासून तो तिला 'सफाची आई' अशीच हाक मारी. "तोंड जरा आवरतं ठेवत जा."

"का म्हणून? एकतीस वर्षं आवरलं." तिनं भाकरी मोडून त्याच्यापुढे सारली. "आणि वगीह आलाय ना तिथे? घ्या की त्याचंच. आपलाच मुलगा. याच चटईवर बसून जेवलाय. आपल्या सफाच्या बारशाला याच पोरानं मेणबत्त्या धरल्या होत्या."

"मी नात्यावरून मशीन घेत नसतो."

"मी कुठे म्हणतेय नात्यावरून घ्या? चांगलं असेल तर घ्या."

"आणि लोक म्हणतील काय? चेल्याचं होतं म्हणून घेतलं."

नफीसानं त्याच्याकडे पाहिलं. "अबू सफा," ती म्हणाली, "अजून गवत तर बघितलंही नाही तुम्ही, आणि लोकांचं कुठून आलं मध्येच?"

दसूकीनं पुढचा घास मोडला. पण स्वतःचं ते वाक्य त्याच्या कामाचं होतं. चेल्याचं होतं म्हणून घेतलं असं कुणी म्हणू नये. हे ऐकायला किती सरळ वाटतं, किती स्वच्छ! माणसाला चुकीच्या वाटेला लागायचं असलं की त्याच्या हाताला आधी असंच एखादं स्वच्छ वाक्य लागतं.

*

मंगळवारी दुपारी सभासद घरोघर झोपले असताना दसूकी लॉनवर गेला. चपला कडेला काढल्या, गुडघे टेकले, आणि कपाळ जमिनीला लागेल इतका वाकला. त्या उंचीवरून गवताचं टोक न् टोक दिसतं.

निळ्या मशीनच्या बाजूचं गवत हिरवंगार होतं. टोकं अशी की कुणी एकेक पातं वस्तऱ्यानं कापावं.

मग तो लालच्या बाजूला गेला. जिथून सुरुवात केली होती तिथे ठीक होतं. चौथ्या-पाचव्या फेरीपासून टोकं फाटलेली दिसू लागली. पुढे पुढे तर प्रत्येक पात्याच्या शेंड्याला पांढरे केस फुटल्यासारखे. शनिवारी खमासीनचं, वाळवंटातलं गरम वारं सुटलं होतं, लॉनवर बारीक धूळ बसली होती. मशीन तापत गेलं आणि खात गेलं. वगीह म्हणाला होता तसंच, शब्दाला शब्द. उभं राहून पाहिलं तर अर्ध्या लॉनवर राख भुरभुरल्यासारखी दिसत होती.

आणखी काही पाहायचं राहिलं नव्हतं. उद्या सगळ्यांसमोर सांगायचं होतं, की माझी परीक्षा चुकली, पोराचं बरोबर. चार शब्द. मुमताझ बे पुन्हा एकदा हसले असते, शिकवणीचा विनोद आणखी महिनाभर चालला असता, आणि संपला असता. पण दसूकीच्या कानात ते हसणं रविवारपासून थांबलंच नव्हतं. एकतीस वर्षांत एकदा कुणी शब्द विचारला, आणि तो शब्द असा? 'मला कळत नाही' असा?

अस्रची, तिसऱ्या प्रहराची बांग झाली. त्यानं अवजारांच्या खोलीत चटई पसरून नमाज पढला. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. मग फळीवरून हिराकसाचा डबा काढला.

गवताला लोह कमी पडलं की हिराकस पाण्यात विरघळवून मारतात, रात्रीतून काळपट हिरवा रंग चढतो. पानं फाटलेली असोत, मरणारी असोत, रंगाला त्याचं काही नसतं. दसूकीनं पाठीवर पंप चढवला आणि लालच्या बाजूवर फवारत सरळ रेषेत मागे मागे येत राहिला. हात अगदी स्थिर होता.

मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजाआधी हातपाय धुवायला बसला तेव्हा बोटांवर गंजासारखे डाग दिसले. घासून पाहिले. हिराकसाचे डाग असे घासून जात नाहीत.

*

बुधवारी सकाळी मंडळी जमली. लालची बाजू गर्द दिसत होती, निळ्याच्या बाजूहूनही गर्द. एक बाई म्हणाल्या, "इकडचं तर मखमल झालंय!" अत्तरवाल्यानं ताबडतोब छातीवर हात ठेवला, जणू ती मखमल त्यानंच विणली होती.

"बोल दसूकी," मुमताझ बे म्हणाले. "गवत काय बोललं?"

"लाल," दसूकी म्हणाला.

वगीह लॉनच्या पलीकडच्या कडेला उभा होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. राग नव्हता, न कळल्याची आठी होती. त्यानं चपला काढल्या, लालच्या बाजूकडे दोन पावलं आला आणि एक गुडघा टेकणार एवढ्यात दसूकी बोलला.

"काय रे? माझा डोळा आता तू तपासणार?"

वगीह अर्धवट वाकलेला तसाच थांबला. बोटभर आणखी खाली गेला असता तर त्याला सगळं दिसलं असतं. रंग उंचावरून फसवतो, जवळून नाही. पण उस्तानं शब्द दिल्यावर चेल्यानं पुन्हा मोजायचं नाही, ही या लोकांतली रीत. सुतारांत, गवंड्यांत, माळ्यांत, सगळ्यांत. आणि सगळ्यांदेखत तर नाहीच नाही.

तो सरळ उभा राहिला. "माफ करा उस्ता," म्हणाला. "चुकलं."

मग त्यानं निळं मशीन एकट्यानं फळीवरून टेम्पोत चढवलं. दसूकी त्याला हात द्यायला गेला नाही. मुमताझ बेंनी दसूकीच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "बघितलंत? जुनं ते सोनं उगाच नाही म्हणत!" आणि ती थाप, जिच्यासाठी हे सगळं केलं होतं, दसूकीला सदऱ्यावरून घसरून गेल्यासारखी वाटली.

*

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. जुलैच्या अखेरीस लाल मशीनची पाती सुरीसारखी पातळ झाली. दसूकी दर आठवड्याला ती घासून घेई, आणि दर आठवड्याला हिराकस मारी. गवत दिसायला काळंभोर आणि हाताला विरळ. सप्टेंबरात पाहुणे आले, हिरव्या रंगाचं कौतुक करून गेले, आणि चेंडू जागोजाग भलतीकडे वळला तेव्हा सगळ्यांनी दोष उन्हाळ्याला दिला. क्लबच्या मासिकात दसूकीचा फोटो आला, लाल मशीनच्या दांड्यावर हात ठेवलेला. नफीसानं तो कापून कपाटाच्या काचेला लावला. कुणीही, एकदाही, त्याला बोल लावला नाही. कुणी लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरच्या मध्याला एका दुपारी अवजारांच्या खोलीच्या दारात सावली पडली. हातात मिठाईची पेटी, अंगात कुठल्याशा कंपनीचा खाकी सदरा. वगीह.

"येऊ का उस्ता?"

"ये. बस." दसूकीनं खोकं पुढे सारलं. "कुठे असतोस?"

"तिकडे वाळवंटाच्या बाजूला, नव्या वसाहतीत. कार्यशाळा बंद झाली ना. निळी मशीनं मागवणंच बंद केलं शेठनं. दोन महिने घरी होतो, मग हे मिळालं. बरं आहे. पंधरा मशीनं आहेत हाताखाली, सात माणसं."

"मुली?"

"ठीक. थोरलीची शाळा बदलावी लागली. रडली जरा." तो हसला. "होईल सवय."

दसूकीनं शेगडीवर चहा ठेवला. साखर किती घालायची ते विचारावं लागलं नाही. चहा उकळला तसा त्यानं तो दोन ग्लासांत ओतला. मग वगीहनं ग्लास दोन्ही हातांत धरला आणि खाली पाहत म्हणाला, "रागवणार नसाल तर एक विचारायचं होतं."

"विचार."

"पाच महिने डोक्यात तेच आहे. मला वाटलं होतं मी बरोबर आहे. अगदी पैज मारावी इतकं. आणि तुमच्या गवतानं सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं. ते एका परीनं बरंच झालं. मी त्या दिवशी वाकणार होतो, आठवतं? तुम्ही बोललात म्हणून थांबलो. घरी जाऊन वाटलं, देवानंच थांबवलं. नाहीतर तुमच्या शब्दावर माझा डोळा ठेवल्यासारखं झालं असतं, आणि मग मी तुम्हाला तोंड कसं दाखवणार होतो?"

दसूकीच्या हातातला ग्लास चटके देत होता. त्यानं तो खाली ठेवला नाही.

"तर तेवढं सांगा," वगीह म्हणाला. "चुकलं कुठे? मी ती पंधरा मशीनं माझ्याच पद्धतीनं लावलीत. केसभर फट ठेवून. चालतायत चांगली, निदान मला तरी वाटतंय चांगली. पण मला तेव्हाही तसंच वाटत होतं. आता माझ्या डोळ्यावर माझा भरवसा राहिला नाही, उस्ता. तुम्ही सांगाल तसं करतो."

बाहेर पाण्याची नळी कुठेतरी ठिबकत होती. दसूकीनं तोंड उघडलं. खरं बोलायला याहून चांगली जागा त्याला मिळणार नव्हती. मुमताझ बे नव्हते, अत्तरवाला नव्हता, हसणारं कुणी नव्हतं. समोर फक्त एक माणूस होता, ज्यानं ऐकून घेतलं असतं, कदाचित हातही हातात घेतला असता. पण तो माणूस त्याच्याकडे जसा पाहत होता, तसं जगात आता दुसरं कुणीही पाहत नव्हतं. ते पाहणं गेलं तर मागे काय राहणार होतं? कपाटाच्या काचेवरचा फोटो?

"फट," दसूकी म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "फट ठेवलीस तिथे चुकलास. पातं पट्टीला टेकलंच पाहिजे."

"धूळ असली तरी?"

"धूळ असली तरी."

वगीहनं मान डोलावली. चेहऱ्यावरचा ताण उतरला, बऱ्याच दिवसांनी झोप लागणाऱ्या माणसासारखा. खिशातून त्यानं छोटी वही काढली. पेन्सिल जिभेला लावली.

"किती घट्ट करू? माणसांना तसंच शिकवतो. तुमचं नाव घेऊन सांगतो."

उत्तर देणं भाग होतं. आणि उस्ताला साजेल असं नेमकं द्यायला हवं होतं.

"आधी टेकव," दसूकी म्हणाला, "मग त्यावर आणखी अर्धा आटा आवळ."

वगीहनं लिहून घेतलं. चूक राहू नये म्हणून त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. टेकवायचं, त्यावर आणखी अर्धा आटा आवळायचा, पंधराही मशीनांना.

"बरोबर आहे," दसूकी म्हणाला.